इस्त्रीसाहेबांचा कुत्रा आणि एक मळका टॉवेल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी लाँड्री आहे, तिच्या मालकांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते ठाऊक नाही. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले मात्र नाहीत. त्यातलं 'साहेब' एवढंच त्यांनी ऐकलं असावं.

काउंटरमागे उभे असलेले इस्त्रीसाहेब म्हणजे हँगरला लावलेला शर्ट. खांदे सरळ, कॉलर ताठ, बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि आत विशेष काही नाही.

माणसांना ते चेहऱ्याने ओळखत नाहीत, डागांनी ओळखतात. "शाई आली होती का गं?" असं ते बायकोला विचारतात, तेव्हा पोस्टातल्या कारकुनाची चौकशी चाललेली असते. कोपऱ्यावरचे बेकरीवाले म्हणजे 'तूप', बँकेतले सज्जन गृहस्थ म्हणजे 'काख', आणि मी 'खडू'. मी शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी माझे कपडे हातात घेतले की ते बाही उलटी करून झटकतात आणि म्हणतात, "बाई, नोकरी सुटली, खडू काही सुटला नाही तुमचा." तिथे खडूचा कणही नसतो. पण एकदा एखाद्याला डाग लावला की तो काढायचा नाही, एवढ्या एका बाबतीत ते आपल्या धंद्याच्या उलट वागतात.

काम चोख आहे, हे मान्य करायला हवं. त्यांच्याकडून आलेल्या चादरीवर झोपायला जीव कचरतो, इतकी ती कोरी असते. डागांपेक्षाही त्यांचा राग वासावर. "डाग बिचारा दिसतो तरी," ते म्हणतात, "वास लपून बसतो. लबाड असतो." आणि त्यांचा एक नियम आहे, तो ते देवाच्या आज्ञेसारखा सांगतात: बिनधुतलेला कपडा आपल्या हातून कधी कुणाच्या हातात जायचा नाही.

दुकानाच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आणि त्यामागे दोऱ्या बांधलेलं अंगण. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते अंगण दिसतं. तिथे पडदे, उशांचे अभ्रे, खुर्च्यांच्या खोळी आळीपाळीने कायम वाळत असतात. त्या घरात गेलं की माणसं राहतात असं वाटतच नाही, नुकतंच कुणीतरी घर सोडून गेलंय असं वाटतं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या कोऱ्या खोल्यांतून पावलांचा आवाज न करता वावरतात. सोड्याने त्यांच्या बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली. बोलणं मोजकं. माझ्याकडे चहाला येतात तेव्हा मात्र बोलतात, आणि छान बोलतात.

त्या घरात न धुतलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मांजर.

मांजर मुलीची. ती शाळेत असताना दुकानातल्या तुटक्या बटणांच्या ट्रेमध्ये ते पिल्लू येऊन झोपलं होतं, म्हणून त्याचं नाव बटण. पांढरी शुभ्र, पाठीवर एकच तपकिरी ठिपका. इस्त्रीसाहेबांनी तिला कधी बटण म्हटलं नाही. ते तिला 'डाग' म्हणत. "तुमचा तो डाग आवरा," असं.

पुढे मुलीला एक गॅरेजवाला आवडला. मुलगा सरळ होता, माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा, पण खोटं बोलायचं झालं तर कान लाल व्हायचे त्याचे. इस्त्रीसाहेबांनी त्याला समोर बसवलं, त्याच्याकडे बघितलंही नाही, फक्त त्याच्या शर्टाकडे बघितलं. मग मुलीला म्हणाले, "ग्रीस आहे. जात नाही." एवढीच त्यांची चौकशी. मुलगी त्याच्याबरोबर निघून गेली, आणि घाईत जाताना तिचा एक निळा स्वेटर खुंटीवर राहिला.

वहिनींनी तो स्वेटर कपाटात, मागच्या बाजूला ठेवला होता. अधूनमधून त्या कपाट उघडून तिथे नुसत्याच उभ्या राहत. एके दिवशी इस्त्रीसाहेबांच्या हाती तो लागला. त्यांनी तो धुतला, वाळवला, हलकी वाफ दिली, चौकोनी घडी घालून परत जागेवर ठेवला आणि वर ऐटीत सांगितलं, "बघ, नव्यासारखा करून दिला." वहिनी माझ्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या. "छान धुतलाय हो," एवढंच म्हणाल्या. "आता तो कुणाचाच नाही."

मुलगी दर रविवारी फोन करते. सुरुवातीला आईवरही रुसलेली होती, आईने तोंडातून एक शब्द काढला नाही म्हणून. त्यामुळे फोनवर आईची चौकशी नाही, वडिलांची तर नाहीच. "बटण कशी आहे?" तिथून सुरुवात आणि तिथेच शेवट. बटण काय खाते, कुठे झोपते, पाय अजून दुखतो का. त्या पाच वाक्यांच्या आधारावर वहिनींचा आठवडा जायचा. बटण म्हातारी झाली होती. ती आहे तोवर फोन आहे, हे वहिनींना पक्कं माहीत होतं.

अशा घरात इस्त्रीसाहेबांनी कुत्रा आणला.

आणला म्हणणंही बरोबर नाही. गावातल्या मोठ्या हॉटेलच्या चादरी आणि टॉवेल त्यांच्याकडे येतात. त्या हॉटेलच्या मॅनेजरची बदली झाली, नव्या जागी कुत्रा चालणार नव्हता. मॅनेजर काउंटरवर सहज म्हणाला, "कुणी चांगलं घर मिळालं तर बरं." आणि इस्त्रीसाहेब, जे आजारी शेजाऱ्याला रस्त्यापलीकडून औषध आणून देत नाहीत, ते म्हणाले, "घर? साहेब, आमचं घर आहे ना!" मोठ्या माणसासमोर त्यांचा कणा असा वाळत घातलेल्या पायजम्यासारखा लोंबतो. घरात विचारायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

कुत्रा आला तेव्हा मी दुकानातच होते. भलामोठा, तपकिरी, लोंबत्या कानांचा, आणि स्वभावाने इतका भित्रा की काउंटरवरची घंटा वाजली तरी शेपूट घालायचा. इस्त्रीसाहेब पुढे होऊन त्याला म्हणाले, "या, या, आत या." आणि मागे वळून बायकोला, "ए, बाजूला हो जरा." कुत्र्याला अहो आणि बायकोला ए. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर आलेलं हसू गिळून टाकलं.

कुत्र्याबरोबर मॅनेजरने आपला जुना शर्ट दिला होता. "याच्यावर झोपू द्या, करमेल त्याला," म्हणाला होता. इस्त्रीसाहेबांनी काय केलं हे सांगायला नको. तासाभरात तो शर्ट खळ लावून कडक झालेला दोरीवर लटकत होता, आणि त्याखाली कुत्रा तोंड वर करून रडत होता. "सवय होईल," इस्त्रीसाहेब म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपले पांढरे कोट टाकायला दुकानात येतात. त्यांनी कुत्रा पाहिला आणि विचारलं, "घरात मांजर आहे ना तुमच्या? मग एकदम समोरासमोर आणू नका. हा एका खोलीत, ती दुसऱ्या. याच्या अंगाखालचा टॉवेल तिच्या खोलीत ठेवा, तिच्या अंगाखालचा याच्याकडे. रोज अदलाबदल करा. आधी वासाची ओळख होऊ द्या, मग चेहऱ्याची."

"म्हणजे टॉवेलांची देवाणघेवाण," इस्त्रीसाहेब म्हणाले.

"हो, एवढंच."

"मग ते काम आमचंच आहे!"

आणि काम त्यांनी केलं. मनापासून केलं. रोज सकाळी कुत्र्याच्या अंगाखालचा टॉवेल घ्यायचे, मांजराच्या अंगाखालचा घ्यायचे, दोन्ही सोडा घालून उकळायचे, दोनदा खळबळायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे, आणि मग याचा तिकडे, तिचा इकडे. एक दिवस चुकला नाही. बटणला तर तो गरम इस्त्रीचा टॉवेल भलताच आवडला. आला की त्याच्यावर चढून ती गोल होऊन झोपायची.

"बघा बाई, पटलं दोघांचं," ते मला म्हणाले. "न बघताच पटलं. याला म्हणतात पद्धत."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पण डॉक्टरीणबाई न धुता ठेवा म्हणत होत्या बहुतेक."

"बहुतेक काय? न धुता? मी? माझ्या घरात?" ते खरोखर दुखावले. "तिचे कोट बघितलेस? तिला काय कळतंय स्वच्छतेतलं!"

मग एका सकाळी त्यांनी दोन खोल्यांमधलं दार उघडलं. हाताची घडी घालून, उद्घाटनाला आल्यासारखे उभे राहिले. कुत्रा प्रेमाने पुढे आला. बटणने आयुष्यात पहिल्यांदा त्याला पाहिलं आणि पहिल्यांदाच हुंगलं. पुढचं मी माझ्या खिडकीतून ऐकलं, बाकीचं वहिनींकडून कळलं. बटण पडद्यावर चढली, पडदा दांडीसकट खाली आला, कुत्रा पडद्यात गुंडाळला गेला आणि भीतीने त्याने तिथेच जमिनीवर करायचं ते केलं. इस्त्रीसाहेबांच्या किंकाळीने दोघांचेही आवाज झाकून गेले.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, चुकलं आपलं. इस्त्रीसाहेबांनी फक्त साबण बदलला. "वासाचा झगडा आहे ना? मग दोघांना एकाच साबणाने धुवायचं. दोघांचा वास एक झाला की भांडायला राहिलंच काय?" हे ते मला इतक्या गंभीरपणे सांगत होते, की मला वर्गातली ती मुलं आठवली, जी चुकीचं उत्तर दोनदा अधोरेखित करून आणतात.

कुत्र्याने आंघोळ सोसली. त्याने आत्तापर्यंत सगळंच सोसलं होतं. बटणने त्यांचं मनगट फाडलं, पण त्यांनी तिला सोडलं नाही. लवेंडरच्या साबणाने धुतली, टॉवेलने पुसली, आणि कपडे वाळवायच्या पंख्यासमोर धरली. जमिनीवर ठेवल्यावर ती उभी राहिली, आपलाच पाय हुंगला आणि दचकली. पुन्हा हुंगला. मग सरळ कपाटावर चढली, रिकाम्या खोक्यांच्या मागे गेली, ती खाली आलीच नाही.

त्या संध्याकाळी तिने काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहिनी स्टुलावर चढून मासे हातात धरून उभ्या राहायच्या, तर ती त्यांच्या हातावरही फिस्कारायची. वहिनींच्या हातालाही साबणाचाच वास.

आणि नेमकं तेव्हाच मॅनेजरचा निरोप आला, की रविवारी कामासाठी गावात येतोय, कुत्र्याला भेटून जाईन. इस्त्रीसाहेबांची तारांबळ उडाली. नवा पडदा लागला. घर पुन्हा धुतलं गेलं. मग त्यांनी बायकोला सांगितलं, "रविवारपर्यंत तो डाग घरातून निघाला पाहिजे. साहेबांसमोर तमाशा नको. साबणवाल्याच्या गोदामात उंदीर झालेत, त्याला मांजर हवंच आहे."

"ती म्हातारी आहे हो. गोदामात जगणार नाही."

"मग इथे तरी काय जगतेय? कपाटावर बसून उपास करतेय."

वहिनी माझ्याकडे आल्या. चहा समोर ठेवला तर कप तसाच राहिला. "रविवारी फोन येईल," त्या म्हणाल्या. "बटण कशी आहे विचारेल. काय सांगू? गोदामात आहे? का मेली म्हणून सांगू?"

मी आपलं काहीतरी बोलत राहिले, की डॉक्टरीणबाईंना बोलावू, की बटण माझ्याकडे आणून ठेवू. वहिनी ऐकत नव्हत्या. त्या खिडकीतून आपल्याच अंगणातल्या दोऱ्यांकडे बघत होत्या. तिथे ते दोन टॉवेल वाळत होते, पांढरेफेक.

"बाई," त्या एकदम म्हणाल्या, "तो स्वेटर आठवतो तुम्हाला?"

"आठवतो ना."

"तसंच झालंय हो हे. यांनी सगळं नव्यासारखं करून ठेवलंय." आणि चहा न पिताच उठल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते मला त्यांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. कुत्र्याच्या अंगाखालचा टॉवेल त्यांनी सकाळी लवकर काढून घेतला, लाळेचा, केसांचा, चांगलाच वास मारणारा. तो बटणच्या शेजारी कपाटावर ठेवला. आणि इस्त्रीसाहेबांना द्यायला फळीवरचा एक कोरा धुतलेला टॉवेल घेतला, पाण्याने जरा ओला केला, हाताने चुरगळला आणि धुण्याच्या टोपलीत टाकला.

इस्त्रीसाहेब आले. त्यांनी तो धुतलेला टॉवेल दोन बोटांच्या चिमटीत धरला, नाकाजवळ नेला, आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "शी! किती घाण करतो हा प्राणी!"

मग तो धुतला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी तोच पुन्हा ओला करून दिला. "आज तर कहर आहे," ते म्हणाले, आणि सोडा जास्त घातला. उभं आयुष्य ज्यांनी गल्लीला नाक मुरडून दाखवलं, त्यांचं ते नाक रोज सकाळी एका कोऱ्या टॉवेलवर असं फसत होतं. मला जर कुणी विचारलं, की इस्त्रीसाहेबांना ओळखायचं कसं, तर मी एवढीच गोष्ट सांगेन.

इकडे कपाटावर बटणने पहिल्या दिवशी त्या मळक्या टॉवेलवर थुंकल्यासारखं केलं आणि लांब सरकली. दुसऱ्या दिवशी मान लांब करून हुंगलं. वहिनींनी साबण लावणं सोडलं होतं, हात नुसत्या पाण्याने धुवत होत्या. संध्याकाळी बटणने त्यांच्या हातचा माशाचा तुकडा घेतला. पुढच्या सकाळी ती टॉवेलवर बसलेली दिसली. मग रविवारी सकाळी, इस्त्रीसाहेब दुकानात गेल्यावर, वहिनींनी टॉवेल खाली आणला, पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, आणि दार थोडं उघडं ठेवून दुकानात मदतीला निघून गेल्या.

परत आल्या तेव्हा बटण टॉवेलच्या मधोमध बसली होती. कुत्रा हनुवटी टॉवेलच्या एका टोकावर टेकवून, श्वास रोखून पडला होता. बटणने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मैत्री वगैरे काही नव्हती. इतकंच, की हा कोण आहे ते आता तिला ठाऊक होतं, आणि तिच्या दृष्टीने तो फारसा कुणी नव्हता.

रविवारी वहिनींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. इस्त्रीसाहेब सकाळपासून दुकानात मॅनेजरचा, बदलीच्या वेळी दुकानातच राहिलेला कोट इस्त्री करण्यात गुंतलेले. मांजर गोदामात गेलं, असं ते धरून चालले होते, कारण त्यांनी सांगितलं होतं. मॅनेजर आला. शर्ट चुरगळलेला, बाहीवर चहाचा डाग. दुसऱ्या कुणाच्या बाहीवर असता तर जन्माचं नाव पडलं असतं, पण इस्त्रीसाहेबांना तो दिसला नाही. "या साहेब, अगदी मजेत आहेत ते," म्हणत त्यांनी पुढच्या खोलीचं दार उघडलं.

कोपऱ्यात, धुतलेल्या फरशीवर, धुतलेल्या पडद्याखाली, एक करडा पडलेला, केसाळ, वास मारणारा टॉवेल होता. त्यावर बटण, आणि तिला टेकून कुत्रा.

इस्त्रीसाहेबांचा चेहरा नीळ जास्त पडलेल्या कापडासारखा झाला. "हे... हे काय आहे?" ते धावले आणि वाकून टॉवेलचं टोक ओढलं.

घंटेला घाबरणारा तो कुत्रा गुरगुरला. पहिल्यांदाच. त्याच क्षणी बटणचा पंजा त्यांच्या हातावर बसला. दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

"राहू द्या तो," वहिनी म्हणाल्या.

"अगं, मळलाय!"

"माहीत आहे. मीच ठेवलाय. तुम्ही रोज धूत होता ना, तो धुतलेलाच टॉवेल होता."

मग मॅनेजर हसायला लागला. "धुतलेलाच धुवायचे?" असं त्याने दोनदा विचारलं आणि भिंतीला हात टेकला. मी पण हसले, लपवलं नाही. इस्त्रीसाहेब ताठ उभे होते. थोड्या वेळाने ते मॅनेजरला म्हणाले, "आमचा एक प्रयोग चालू होता, साहेब." आणि कोट आणायला दुकानात गेले. तो प्रयोग आता ते काउंटरवर येईल त्याला सांगतात. शोध त्यांचाच, टॉवेल न धुण्याची कल्पना त्यांचीच.

मॅनेजर गेल्यावर फोन वाजला. वहिनी माझ्यासमोरच बोलल्या.

"हो, छान आहे. खाते. अगं, कुत्रा आलाय घरात... हो, खरंच. त्याच्याजवळ झोपते आता... नाही, आधी यांनी तिला धुतलं होतं... अगं हो, बटणला! लवेंडरने!"

पलीकडचं हसणं मला खुर्चीत बसून ऐकू आलं. किती वर्षांनी ते हसणं त्या घरात आलं होतं. थांबलं, पुन्हा सुरू झालं. ठरलेली पाच वाक्यं कधीच संपली होती, फोन चालूच होता.

"बघायला ये की," वहिनी म्हणाल्या. "दोघं या."

पलीकडून काही विचारलं गेलं असावं. दुकानातला इस्त्रीचा आवाज थांबला.

"त्याला काय होतंय? कपडे बदलत बसू नका. गॅरेजमधून उठून सरळ या. आहात तसे या."

इस्त्रीसाहेब दारात आले. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी फोन कानाला तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खाली, टॉवेलकडे पाहिलं. मग नाक दाबून, त्या टॉवेलला लांबून वळसा घालून ते मागच्या अंगणात निघून गेले.